काचेचं झाकण

माणसं घड्याळ वेळ बघायला घेतात, अशी आपली एक भाबडी समजूत असते. मास्तरांच्या जावयानं ती पार मोडीत काढली होती. त्याला घड्याळाच्या आतलं बघायला आवडे. पाठीला काच असलेली किंवा तबकडी कोरून आतली चाकं उघडी ठेवलेली घड्याळं, तीच काय ती घड्याळं. बाकीची त्याच्या मते नुसत्या डब्या. पण पाठीची काच तर मनगटाला टेकलेली, मग दिसणार काय? तर हा पठ्ठ्या घड्याळ उलटं बांधायचा. तबकडी कातडीकडे, पोट जगाकडे. बसमध्ये कुणी वेळ विचारली की पट्टा सोडा, घड्याळ उलटवा, मग सांगा. तोवर विचारणाऱ्याचा थांबा येऊन तो उतरलेला असे.

"हे म्हणजे सदरा उलटा घालून शिंप्याची शिवण दाखवत हिंडण्यासारखं झालं," मास्तर म्हणत.

"मामा, शिवण चांगली असेल तर का नाही दाखवायची?" जावई म्हणे. तो पाणीपुरवठा खात्यात जमिनीखालच्या नळांचे नकाशे काढायचा. जे झाकलेलं आहे ते कसं चालतं, हे बघायची त्याला नोकरीपासूनच खोड.

मास्तर घड्याळजी होते. चपलांचं दुकान आणि किल्ल्या करून देणारा, ह्या दोघांच्या मधे भिंतीतल्या कपाटाएवढं त्यांचं दुकान. त्यात एक उंच टेबल, टेबलाला चारी बाजूंनी पट्टीचा काठ, मास्तरांच्या पोटाला एक पांढरं फडकं. त्या फडक्याचं दुसरं टोक टेबलाच्या खालच्या कडेला चिमट्यानं अडकवलेलं, म्हणजे हातातून काही निसटलं तर ते जमिनीवर न जाता मांडीत पडावं. घड्याळातला स्क्रू एकदा जमिनीवर गेला की तो देवाला गेला, असं ते म्हणत. आयुष्य त्या फडक्याला बांधून काढलं त्यांनी. उठायचं तर आधी चिमटा सोडायचा.

त्यांचं मत जावयाच्या अगदी उलट. घड्याळाचं पोट दोघांनीच बघावं, ज्यानं केलं त्यानं आणि जो दुरुस्त करतो त्यानं. तिसऱ्यानं बघणं म्हणजे चहाटळपणा. "झाकली मूठ सव्वा लाखाची," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. खरी गोष्ट अशी, की झाकण उघडल्यावर आतलं ते डोलणारं चाक बघत तेही मिनिटभर नुसते बसत. श्वास रोखून. इतक्या वर्षांत त्यांना त्याचा कंटाळा आला नव्हता. पण हे त्यांनी जावयाला कधी सांगितलं नाही. सासऱ्यानं जावयाची आवड उचलून धरली असती तर मग भांडायचं कशावर?

त्यांच्या हाताखाली एकच माणूस शिकला. तो आला तेव्हा काडीसारखा होता, म्हणून त्याला बारक्या म्हणायला लागले. आता त्याचं पोट टेबलाला टेकतं, केस पिकले, रस्त्यापलीकडे स्वतःचं दुकान आहे, तरी तो बारक्याच. शिकत असताना एकदा त्याच्या हातून पेचकस निसटला आणि एका बाईंच्या घड्याळाला आतून ओरखडा गेला. बाईंना तो जन्मात दिसला नसता. पण मास्तरांनी त्याला बाईंसमोर उभं केलं आणि म्हणायला लावलं, "बाई, माझा हात घसरला. आत ओरखडा आहे." बाईंना काही कळलं नाही, त्या म्हणाल्या, चालतंय ना, मग झालं. बारक्याच्या डोळ्यांत मात्र पाणी. "लक्षात ठेव," मास्तर म्हणाले, "हात सगळ्यांचाच घसरतो. सांगायचं झाकण लावायच्या आधी. झाकण लावल्यावर सांगितलेलं काही खरं नाही."

बोलणारे बोलून जातात.

मास्तरांचा उजवा हात अलीकडे थरथरायला लागला होता. आधी बशीत चहा सांडायचा, तो दोष त्यांनी बशीवर ढकलला. मग सह्या वाकड्या यायला लागल्या, त्या पेनावर ढकलल्या. दुकानात ते पट्टे बदलून देत, सेल घालून देत. कुणी किल्लीचं जुनं घड्याळ आणलंच, तर "भाग मिळत नाही हो आता" म्हणून परत पाठवत. हे फक्त बायकोला माहीत होतं, कारण त्यांच्या सदऱ्याच्या गुंड्या सकाळी तीच लावत असे. त्यावर दोघंही कधी बोलले नाहीत.

एका दुपारी दुकानात कुणी नव्हतं. मास्तरांनी मनगटावरचं स्वतःचं घड्याळ काढलं. तरुणपणी घेतलेलं, पोलादी झाकणाचं, कैक वेळा स्वतःच उघडून साफ केलेलं. मनात म्हणाले, बघू या, आपल्याच घड्याळावर जमतंय का. पहिला स्क्रू सुटला. दुसऱ्याला पेचकस लावला आणि हात गेला. चाकांवरच्या चकचकीत पट्टीवर आडवा ओरखडा उमटला. ते इरेला पेटले. पुन्हा लावला, तर स्क्रूचं तोंडच कुरतडलं गेलं. मग त्यांनी कसंबसं सगळं जागेवर बसवलं आणि झाकण लावून टाकलं. गिऱ्हाइकाला सांगायचा प्रश्न नव्हता, गिऱ्हाईक तेच होते.

पण ते घड्याळ त्यांना मनगटावर सहन होईना. पुढं महिन्याभरात जावयाला बढती मिळाली, तेव्हा त्यांनी ते सगळ्यांसमोर त्याला देऊन टाकलं. म्हणाले, "माझ्या हातातलं आता तुमच्या हातात." सगळ्यांचे डोळे भरून आले. मास्तरांचेही आले, पण त्यांचं कारण वेगळं होतं.

आता ह्या जावयाला झाकणबंद घड्याळ देऊन तो गप्प बसेल, असं मास्तरांना कसं वाटलं, देव जाणे.

रविवारी मुलगी आणि जावई जेवायला आले. पानं वाढून झाली आणि जावयानं खिशातून रुमालात गुंडाळलेलं ते घड्याळ काढून मास्तरांच्या पानाशेजारी ठेवलं. उलटं. पोलादी झाकणाच्या जागी काच होती. काचेखाली डोलणारं चाक झोके घेत होतं.

"मामा, मी विचार केला, सगळ्या गावाची घड्याळं ह्यांनी उघडली, आणि ह्यांचं स्वतःचं मात्र बंद! तुमचं काम दिसायला नको? बारक्याकडून काच बसवून घेतली." त्याचा चेहरा नुसता फुलला होता. प्रेमानं केलं होतं बिचाऱ्यानं, त्यात काही खोट काढता येत नव्हती.

मास्तरांना भिंगाची गरज पडली नाही. ओरखडा दिसत होता. काचेमुळे उलट जास्तच दिसत होता.

"मस्तच," ते म्हणाले.

"पण एक सांगा," जावयानं घड्याळ जवळ ओढलं, "हा ओरखडा कुणाचा? इथं, पट्टीवर. आणि ह्या स्क्रूचं तोंड बघा, उंदरानं कुरतडल्यासारखं केलंय. तुमच्या हातचं तर नाहीच हे."

"बाबांच्या घड्याळाला दुसरं कोण हात लावणार?" मुलगी सहज म्हणाली.

"तेच तर! बरं, बारक्या मला सारखा म्हणत होता, काच नका बसवू साहेब, आहे तेच झाकण बरं. दोनदा म्हणाला. मी ऐकलं नाही."

मास्तरांना सगळं कळलं. बारक्यानं झाकण उघडलं, पाहिलं, आणि पाहताक्षणी ओळखलं. त्याला तो ओरखडा झाकून टाकायचा होता. त्या वेळी ते खरं बोलू शकले असते. घरचीच चार माणसं होती, वरण गरम होतं, कुणी त्यांना फासावर देणार नव्हतं. पण टेबलाखाली त्यांचा डावा हात उजव्या हाताला घट्ट धरून बसला होता, आणि तोंडातून निघालं ते असं:

"झाकण शेवटचं कुणी उघडलं होतं?"

बस्स, एवढंच. नाव घेतलं नाही. नाव न घेता माणूस बुडवायची ही रीत फार जुनी आणि फार सोयीची आहे.

"अस्सं!" जावयानं मांडीवर थाप मारली. "म्हणून तो नको नको म्हणत होता! स्वतःचं झाकायचं होतं त्याला!"

"जाऊ द्या हो," मास्तर म्हणाले. "होतं असं कधीकधी. काही बोलू नका त्याला."

चोर तो चोर, वर शिरजोर, असं आपण म्हणतो. मास्तर शिरजोर झाले नाहीत. ते चोर झाले आणि वर दयाळू झाले. बायकोनं त्यांच्या पानात भात वाढला, टेबलाखाली एकदा बघितलं आणि भांडं उचलून आत गेली.

जावई कसला गप्प बसतो! दुसऱ्याच दिवशी तो कचेरीतून परस्पर बारक्याच्या दुकानात गेला आणि तिथून रस्ता ओलांडून मास्तरांकडे आला.

"विचारलं त्याला. दोन गिऱ्हाइकं होती, त्यांच्यादेखतच विचारलं. म्हटलं, गुरूच्या घड्याळाची ही दशा? उलटून एक शब्द बोलला नाही. म्हणाला, 'हो साहेब, माझा हात घसरला. झाकण लावायच्या आधी सांगायला पाहिजे होतं.' इतकं सरळ कबूल केलं की मलाच कसंतरी झालं. पण मामा, विश्वास गेला तो गेला."

मास्तर भिंग पुसत बसले. ते वाक्य त्यांचंच होतं. त्यांनीच घोकून घेतलं होतं.

शरमेनं माणूस खंगतो, अन्न गोड लागत नाही, असं म्हणतात. मास्तरांना अन्न व्यवस्थित गोड लागलं. त्या आठवड्यात ते नीट झोपले, एकदा तर आंघोळ करताना गुणगुणलेसुद्धा. धरलेला श्वास सोडावा तसं त्यांना वाटत होतं. मनात कुठंतरी ते असंही म्हणाले, की बारक्या आपल्यापेक्षा तरणा आहे, त्याला एक डाग पचून जाईल. लाज होती, पण ती सकाळी एकदाच यायची, बारक्या पलीकडे दुकानाचं शटर वर करून नेहमीसारखा हात उंचावून "मास्तर!" म्हणायचा तेव्हा. त्याच वेळी नेमकं मास्तरांना भिंगातून काहीतरी बघायचं असायचं.

जावयाचा एक कंपू होता, त्याच्यासारखाच उघड्या पोटाच्या घड्याळांनी झपाटलेला. एकमेकांच्या मनगटावर वाकून ते तासन्‌तास बोलत. त्यांची सगळ्यांची घड्याळं बारक्याकडे जायची. त्याची अर्धी कमाई त्यावरच. आठवडा सरता सरता जावई एक तबक घेऊन आला. मखमलीवर सगळी घड्याळं मांडलेली. कुणाची तबकडी जाळीसारखी कोरलेली, कुणाचं आरपार दिसणारं, पलीकडची मखमलसुद्धा दिसावी असं.

"सगळ्यांनी बारक्याकडून काढून घेतली. म्हटलं, आमचे मामा असताना दुसरीकडे कशाला? तुम्ही कराल ना?"

इथं तरी नाही म्हणायचं! भाग मिळत नाही म्हणायचं, डोळे गेले म्हणायचं, काहीही म्हणायचं. पण जावई ज्या नजरेनं बघत होता, ती नजर मास्तरांना हवी होती.

"ठेवा," ते म्हणाले.

घरी बायकोला कळलं तेव्हा तिनं कणीक मळणं थांबवलं. "अहो, ते करणार कोण?"

"मी करीन."

"सदऱ्याची गुंडी मी लावते तुमच्या."

मास्तर तिच्या अंगावर ओरडले. इतके ओरडले की शेजारणीनं खिडकी लावून घेतली. मग त्यांना सुचलं की तबक गुपचूप बारक्याकडे पाठवावं, त्यानं करून द्यावं आणि आपण आपल्या नावानं परत करावं. बारक्या नाही म्हणणार नाही, ह्याची त्यांना खात्री होती. ह्या खात्रीचीच त्यांना पहिल्यांदा खरी किळस आली.

दुसऱ्या दिवशी दुपारी जावई अर्धी रजा टाकून दुकानात हजर. स्टूल ओढून टेबलासमोर बसला, शाळकरी पोरासारखा.

"मामा, आज मला बघायचंय. चाकं तर नेहमीच बघतो, आज तुमचा हात चालताना बघू द्या."

मास्तरांनी फडक्याचा चिमटा अडकवला. तबकातलं जाळीदार घड्याळ समोर घेतलं. उजवा हात मांडीवरच होता. तो वर घ्यायचा होता आणि घेववत नव्हता.

"जावईबापू," ते म्हणाले, "ओरखडा माझा आहे."

"कुठला?"

"तुमच्या घड्याळातला. बारक्याचा नाही. मी केला, आणि त्याच्यावर ढकलला."

जावयानं त्यांच्याकडे पाहिलं, आणि हळूहळू त्याच्या चेहऱ्यावर हसू आलं. डोळे ओले झाले.

"मामा, मामा! किती मोठं मन हो तुमचं! शिष्याचं पोट चालावं म्हणून स्वतःवर घेताय? ही म्हणतेच, बाबा कुणाचं वाईट बघू शकत नाहीत." त्यानं वाकून चक्क त्यांच्या गुडघ्याला हात लावला.

मास्तरांना वाटलं, इथंच धरणी दुभंगावी. खोटं बोलले तेव्हा विश्वास बसला होता. खरं बोलले तर त्यांचा देव होत होता! आणि मनाच्या तळाशी एक आवाज म्हणत होता, राहू दे की असंच, हे तर सगळ्यात बरं झालं.

त्यांनी ते जाळीदार घड्याळ बाजूला सारलं. खणातून एका मोडीतल्या घड्याळाचा सांगाडा काढला, त्यातला एक स्क्रू सोडवून कागदावर ठेवला आणि बारीक टोकांचा चिमटा घेऊन उजवा हात टेबलावर आणला. उघड्यावर, दिव्याखाली.

हात थरथरत होता. चिमट्याचं टोक स्क्रूच्या आजूबाजूला टकटक करत राहिलं. कागदावर तो आवाज स्पष्ट ऐकू येत होता. एकदा स्क्रू पकडला, उचलला, आणि तो टणकन उडून फडक्यात पडला. मास्तरांनी तो शोधला. पुन्हा कागदावर ठेवला. पुन्हा उचलला. पुन्हा मांडीत.

"पुरे मामा," जावई म्हणाला.

"बघायचं होतं ना तुम्हाला? बघा."

जावयानं मान फिरवली. उभ्या जन्मात काही उघडं पडलेलं बघताना त्यानं मान फिरवली नव्हती. पण मास्तर थांबले नाहीत. पुन्हा एकदा स्क्रू उचलला, आणि ह्या वेळी तो फडकं चुकवून जमिनीवर गेला. दोघंही त्याला शोधायला वाकले नाहीत.

"मी जाऊन सांगतो बारक्याला," जावई शेवटी म्हणाला. "चारचौघात बोललो होतो, चारचौघात माफी मागतो. तबकही परत देतो."

"तुम्ही तबक घ्या," मास्तर म्हणाले. "सांगायचं मला आहे." त्यांनी फडक्याचा चिमटा सोडला आणि फडकं स्टुलावर टाकलं.

रस्ता ओलांडायला फार वेळ लागत नाही. बारक्याच्या दुकानात एक बाई पट्टा निवडत होत्या. मास्तरांना बघून बारक्या लगबगीनं उठला, स्टूल फडक्यानं पुसलं. "मास्तर, तुम्ही कशाला? हाक मारायची ना." त्याचं टेबल रिकामं होतं. एवढं आवरलेलं टेबल घड्याळजीचं कधी नसतं.

मास्तर बसले नाहीत. त्या बाईंच्या देखत, मोठ्यानं म्हणाले, "बारक्या, माझा हात घसरला. झाकण लावायच्या आधी सांगितलं नाही. नंतर तुझ्यावर ढकललं."

बाई पट्टा हातात धरून तशाच उभ्या राहिल्या. जावई दारात तबक घेऊन उभा, मान खाली.

बारक्यानं आधी मास्तरांच्या हाताकडे पाहिलं, मग दुसरीकडे. "मला ठाऊक होतं मास्तर. तुमचा पेचकस कुठल्या बाजूनं बसतो ते मी ओळखणार नाही तर कोण?" त्यानं जावयाच्या हातातून तबक घेऊन टेबलावर ठेवलं. आवाजात राग असता तर बरं झालं असतं, पण तो शोधूनही सापडला नसता. "तुम्ही नसतं सांगितलं, तरी चाललं असतं."

मला नसतं चाललं, असं म्हणायला मास्तरांनी तोंड उघडलं. पण गेला आठवडाभर त्यांना ते चाललंच होतं, जेवण गोड लागलं होतं, झोप लागली होती. बारक्यानं पुसलेल्या स्टुलावर ते बसले.